एग्मोरची खातेवही आणि मंत्रालयाची विस्मृती

सरकारी रुग्णालयांतील औषधटंचाईवर संसदेत अधूनमधून प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या वाक्यापासून पाठ असल्यासारखे असते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्र सरकार राज्यांना अर्थसाहाय्य देते. मोफत औषधयोजना राबवली जाते आणि साठ्यावर देखरेख ठेवणारी संगणकप्रणाली उपलब्ध करून देण्यात आली आहे. उत्तर पटलावर ठेवले जाते, पुरवणी प्रश्नांत दोन खासदार आपापल्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे मांडतात आणि सभागृह पुढच्या विषयाकडे वळते. या उत्तरात खोटे काही नसते. मात्र ज्या एका गोष्टीवर सारे अवलंबून आहे, ती त्यात कधी येत नाही. ती म्हणजे, त्या संगणकप्रणालीतील आकड्याचे ऐकणे कोणावर बंधनकारक आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दिल्लीतून नव्हे, चेन्नईतून शोधावे लागते. एग्मोर भागातील पॅन्थिऑन रस्त्यावर, सरकारी वस्तुसंग्रहालय आणि कन्नेमारा ग्रंथालयाच्या शेजारात, तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाचे मुख्यालय आहे. जुलै १९९४ मध्ये कंपनी कायद्याखाली स्थापन झालेले आणि १९९५ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष काम करू लागलेले हे महामंडळ सर्वस्वी राज्य सरकारच्या मालकीचे आहे. औषधे आणि शल्यसाहित्य विकत घेणे, ती तपासणे आणि राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे मूळ काम. सरकारी खरेदीत माहितीच्या व्यवस्थापनाने काय साधता येते, याचे देशातील बहुधा सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ उदाहरण म्हणून त्याच्याकडे पाहावे लागेल. विशेष म्हणजे ‘ई-शासन’ हा शब्द प्रशासनाच्या बोलीत रुळण्याआधीचे हे उदाहरण आहे.

महामंडळापूर्वीची तमिळनाडूची अवस्था मराठी अधिकाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही. खरेदीचे अधिकार विखुरलेले होते, एकच गोळी निरनिराळ्या संचालनालयांकडून निरनिराळ्या दराने घेतली जात होती, कुठे साठा मुदतबाह्य होऊन पडला होता तर कुठे साधे प्रतिजैविक मिळत नव्हते. त्यातच खरेदीतील गैरव्यवहाराच्या आरोपांनी सरकार अडचणीत आले होते. अशा प्रसंगी सरकारे साधारणतः चौकशी समिती नेमतात. तमिळनाडूने खरेदीची रचनाच बदलली. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचे नाव या उभारणीशी जोडले जाते. परंतु व्यक्तीपेक्षा येथे पद्धत महत्त्वाची आहे, कारण व्यक्ती गेल्यावरही ती टिकली.

ही पद्धत समजून घेताना आरंभ निविदेपासून करू नये, पासबुकापासून करावा. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे महामंडळाकडे एक खाते असते. वर्षाच्या औषध-तरतुदीपैकी साधारणतः ९० टक्के रक्कम महामंडळाकडे वळती होते आणि त्यातील त्या संस्थेचा हिस्सा तिच्या पासबुकात जमा दाखवला जातो. उरलेले १० टक्के स्थानिक निकडीच्या खरेदीसाठी संस्थेच्या हाती राहतात. संस्थेचा औषधनिर्माता मागणीपत्र व पासबुक घेऊन जिल्ह्याच्या गोदामात जातो, औषधे उचलतो आणि तेवढी रक्कम खात्यातून वजा होते. बँकेच्या पासबुकाची सवय असलेल्या कुणालाही हे शिकवावे लागत नाही. मात्र या साध्या वहीने तीन कामे एकाच वेळी केली. वैद्यकीय अधिकाऱ्याला आपल्याजवळ किती शिल्लक आहे हे कळू लागले, म्हणून तो जपून मागू लागला. महागडे औषध उगाच मागितले तर स्वस्त औषधासाठी पैसे उरणार नाहीत, हे त्याला वहीतच दिसू लागले. आणि मुख्यालयाला कोणत्या केंद्रात काय खपते याची नोंद मिळू लागली. या नोंदीसाठी वेगळा तक्ता भरून घ्यावा लागला नाही, औषध उचलण्याच्या व्यवहारातूनच ती तयार झाली.

प्रशासनात ज्यांनी माहिती गोळा करण्याचे काम केले आहे, त्यांना या शेवटच्या मुद्द्याचे मोल कळेल. तालुक्याच्या पातळीवर दरमहा भरले जाणारे कितीतरी तक्ते केवळ वर पाठवायचे असतात म्हणून भरले जातात. भरणाऱ्याचा त्यात काही लाभ नसतो, म्हणून आकडे मागच्या महिन्याचेच थोडे इकडेतिकडे करून लिहिले जातात. एग्मोरच्या पद्धतीत चुकीची नोंद केल्यास नुकसान नोंद करणाऱ्याचेच होते; खात्यातले पैसे जातात, औषध मिळत नाही. आकडा खरा राहतो तो कुणाच्या प्रामाणिकपणामुळे नव्हे, तर खोटा आकडा परवडत नाही म्हणून.

आता पुरवठादाराची बाजू. महामंडळाने प्रथम आवश्यक औषधांची यादी निश्चित केली. बाजारात हजारो नावांनी विकल्या जाणाऱ्या औषधांऐवजी काही शे औषधे, तीही ब्रँडच्या नव्हे तर मूळ नावाने. निविदा दोन पाकिटांत मागवली जाते. पहिल्यात उत्पादकाची पात्रता, म्हणजे परवाना, उलाढाल, बाजारातील अनुभव, उत्तम उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र, दुसऱ्यात दर. पहिले पाकीट उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. सर्वांत कमी दर ठरला की तो दर मान्य असणाऱ्या इतर पात्र उत्पादकांनाही पुरवठ्यात वाटा देता येतो, म्हणजे एकाच कारखान्यावर सारा भार राहत नाही. येथवरचा भाग आता अनेक राज्यांत सापडेल. वेगळेपण त्यापुढे आहे.

माल थेट जिल्ह्याच्या गोदामात उतरतो. तेथे तो लगेच वाटला जात नाही, आधी वेगळा ठेवला जातो. त्यातून नमुने काढून मुख्यालयाकडे जातात. तेथे लेबलावरची उत्पादकाची खूण झाकून नमुन्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि मग तो यादीवरच्या एखाद्या प्रयोगशाळेकडे रवाना होतो. आपण कोणाचा माल तपासतो आहोत, हे प्रयोगशाळेला कळू नये, अशी ही व्यवस्था आहे. अहवाल अनुकूल आला तरच गोदामातील माल वाटपासाठी खुला होतो आणि पुरवठादाराचे देयक पुढे सरकते. प्रतिकूल आला तर बॅच परत जाते, पुन्हापुन्हा तसे घडले तर ते औषध किंवा ती कंपनीच काळ्या यादीत जाते, आणि ती यादी महामंडळ प्रसिद्ध करते. विटा-आटपाडी परिसरातून दक्षिणेत येऊन गलाईचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या मंडळींना हे तत्त्व नव्याने सांगायला नको. सोन्याचा कस पाहताना ते कुणी आणले हे पाहायचे नसते. सरकारी खरेदीत मात्र आणणाऱ्याकडे आधी पाहण्याची परंपरा फार जुनी आहे.

महामंडळाच्या दृष्टीने पुरवठादार म्हणजे दरपत्रकावरची एक ओळ नव्हे, तर त्याच्या आजवरच्या वर्तनाची साखळी आहे. माल वेळेवर आला का, किती बॅच नापास झाल्या, विलंबाचा दंड किती वेळा बसला, किती कमी माल देऊन हात वर केले. ही साखळी पुढच्या निविदेच्या वेळी टेबलावर असते. राज्यसंस्थेला स्मृती असणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला तरी ठाऊक नाही. आणि दुसऱ्या बाजूने, वेळेवर पैसे मिळतात ही ख्याती पसरल्यामुळे चांगले उत्पादकही निविदेत उतरतात. देयके वर्षानुवर्षे थकवणाऱ्या सरकारला कमी दर कधीच मिळत नाही. पुरवठादार विलंबाचे व्याज आधीच दरात धरतो आणि ज्याला ते शक्य नाही तो मालाच्या दर्जातून वसूल करतो. पुरवठादारांवर शिस्त बसवण्याच्या गोष्टी करणाऱ्या वित्त विभागांनी हा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरलेला असतो.

या साऱ्याला संगणकाची जोड पहिल्यापासून होती, हे खरे. गोदामांतील साठ्याची माहिती मुख्यालयाच्या संगणकावर येत असे आणि कोणत्या गोदामात कोणते औषध किती महिने पुरेल हे पाहून पुढची मागणी नोंदवली जात असे. एका गोदामात तुडवडा आणि दुसऱ्यात अतिरिक्त साठा असेल, तर माल इकडून तिकडे हलवता येई. परंतु त्या काळचा संगणक आजच्या मोबाइलपेक्षाही दुबळा होता. तेव्हा ‘स्मार्ट’ म्हणावे असे यंत्रात फारसे काही नव्हते. शहाणपण होते ते पैसा, तपासणी आणि नोंद या तीन दोऱ्या एकाच हातात ठेवण्यात.

येथे एक राजकीय विस्मय नोंदवला पाहिजे. तमिळनाडूचे राजकारण सुडासाठी प्रसिद्ध आहे. करुणानिधींनी उभारलेली आणि २०१० मध्ये उद्घाटन झालेली विधानसभा-सचिवालयाची नवी इमारत जयललितांनी सत्तेवर येताच नाकारली. ओमंदूरार वसाहतीतील ती वास्तू २०१४ मध्ये रुग्णालय म्हणून सुरू झाली. अशा राज्यात जयललितांच्या कारकिर्दीत जन्मलेले महामंडळ १९९६ मध्ये आलेल्या द्रमुक सरकारने मोडले नाही, आणि त्यानंतरच्या कुठल्याच सत्तांतराने त्याच्या मूळ रचनेला धक्का लावला नाही. याचे श्रेय राजकारण्यांच्या औदार्याला देण्याचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात औषध मिळते हा तेथील मतदाराचा अनुभव झाला, आणि अनुभव झालेली गोष्ट काढून घेणे कोणत्याही द्रविड पक्षाला परवडणारे नव्हते. शिवाय १९९८ मध्ये तमिळनाडूने निविदा पारदर्शकतेचा स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे खरेदीच्या नियमांना शासन-निर्णयापेक्षा भक्कम आधार मिळाला. शासन-निर्णय एका स्वाक्षरीने फिरतो. कायदा फिरवायला सभागृहात उभे राहावे लागते.

तंजावरच्या मराठी इतिहासाशी ज्यांचे नाते आहे, त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. सरफोजी राजे दुसरे यांनी आपल्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या उपचारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. औषध देणे आणि दिल्याची नोंद ठेवणे हे एकच काम आहे, ही जाण तमिळ भूमीत एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी दाखवली होती. एग्मोरच्या कारभाराशी त्याचा संबंध जोडणे हा इतिहासावर अन्याय होईल, म्हणून तो जोडत नाही. परंतु महाराष्ट्राकडे वळताना हे स्मरण थोडे टोचते, एवढे खरे.

कारण महाराष्ट्राला चेन्नईच्या आधी धडा मिळाला होता. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध-प्रशासनापर्यंतच्या साखळीतील संगनमत आणि बेपर्वाई अशा स्पष्ट शब्दांत मांडली की १९८८ मध्ये अहवाल जाहीर होताना आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. राजकीय किंमत मोजली गेली; खरेदीची रचना मात्र फारशी बदलली नाही. लेंटिन अहवालाचे नाव महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. दुर्दैवाने त्याचा उपयोग कार्यपद्धती म्हणून न होता संदर्भग्रंथ म्हणून झाला.

पुढची तीन दशके सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि महापालिका आपापल्या वाटेने औषधे घेत राहिल्या. २०१७ मध्ये राज्य सरकारने ही खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटली. हेतू चेन्नईसारखाच होता. पण ज्या संस्थेकडे काम दिले, तिचा वारसा लस तयार करण्याचा होता. परळच्या त्या आवाराला प्लेग-संशोधनापासूनची सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. हजारो वस्तूंच्या निविदा चालवणे, पुरवठादारांशी वाटाघाटी करणे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत माल पोहोचवणे ही वेगळीच विद्या आहे. उत्तम स्वयंपाक्याला बाजार समिती चालवायला दिल्यासारखे ते झाले. औषधे उशिरा मिळतात अशा रुग्णालयांच्या तक्रारी आणि बिले थकतात अशा पुरवठादारांच्या तक्रारी या काळात सतत ऐकू येत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. कायद्याचा आधार मिळाला, ही नक्कीच पुढची पायरी होती.

पण पायरी चढत असतानाच नांदेड घडले. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाई हे त्याचे कारण असल्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याची गरज नाही. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सुनावणीत एक लहानशी प्रशासकीय बाब उघड झाली, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. नव्या प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद अतिरिक्त कार्यभारावर चालले होते. पूर्णवेळ अधिकारी नेमण्याविषयी न्यायालयाला सांगावे लागले. संस्था कायद्याने जन्मली. तिचे स्वतःचे डोके मात्र कुणी तरी दुसऱ्या खुर्चीवरून उसने दिलेले होते.

याच सुमारास नागपुरात दुसरे प्रकरण उलगडत होते. २०२३ मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्यांच्या नमुन्यात औषधच नसल्याचे निष्पन्न झाले. २०२४ मध्ये नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून तशाच गोळ्यांचा साठा जप्त झाला. वेष्टनावर छापलेली उत्पादक कंपनी अस्तित्वातच नव्हती. २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातही बनावट ॲझिथ्रोमायसिनचे प्रकरण बाहेर आले. या गोळ्या चोरवाटेने आल्या नव्हत्या. त्या निविदा, पुरवठा-आदेश, भांडार-नोंद अशा रीतसर मार्गाने आल्या. नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत महिने गेले, आणि दरम्यान गोळ्या वाटल्या जात राहिल्या. चेन्नईच्या पद्धतीत अहवाल आल्याशिवाय गोदामाचे कुलूप उघडत नाही. आपल्याकडे अहवाल येतो तेव्हा गोदामात काही उरलेले नसते. प्रतिजैविकाच्या जागी भुकटी गिळलेला रुग्ण बरा झाला नाही, तर त्याची नोंद रोगाच्या खात्यावर पडते. पुरवठादाराच्या खात्यावर कधीच नाही.

आणि गंमत अशी, की संगणकाचा अभाव हे येथे कारण नव्हते. साठ्याच्या नोंदीसाठी देशातील अनेक राज्ये वापरत असलेली ई-औषधी ही प्रणाली सी-डॅकने विकसित केली आहे, आणि सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही ती स्वीकारली. राजस्थानने २०११ मध्ये चेन्नईच्या धर्तीवर महामंडळ स्थापून त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषधयोजना सुरू केली, तेव्हा हीच प्रणाली हाताशी घेतली आणि ती चालली. प्रणाली एकच, निकाल निराळे. कारण उघड आहे. राजस्थानात पडद्यावरचा आकडा पाहणाऱ्याकडे पैसे, खरेदी आणि तपासणीचे अधिकारही होते. महाराष्ट्रात पडदा एका विभागाचा, पैसा दुसऱ्याचा, निविदा तिसऱ्याची आणि नमुना चौथ्याचा. औषध संपत आल्याचा लाल आकडा पडद्यावर दिसला, तरी तो पाहणाऱ्याला पत्र लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही. मग स्थानिक खरेदीचे अधिकार वाढवणे हा टंचाईवरचा नेहमीचा उतारा पुढे येतो. त्याने तातडीची गरज भागते, हे मान्य. पण त्या खरेदीची नोंद मध्यवर्ती स्मृतीत पडत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीचा अंदाज आणखी चुकतो.

अंदाजाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण माहितीच्या नावाखाली सर्वांत मोठी फसगत येथेच होते. मागच्या वर्षीचा खप पाहून पुढच्या वर्षाची मागणी ठरवणे ही सर्वमान्य रीत. पण ज्या रुग्णालयात एखादे औषध सहा महिने आलेच नाही, तेथे त्या सहा महिन्यांचा खप शून्य दिसतो. प्रणाली त्या शून्याचा अर्थ गरज नाही असा लावते आणि पुढच्या वर्षी आणखी कमी माल पाठवते. गडचिरोलीचे हिवताप-औषध असो की कोकणातील सर्पदंशावरची लस, टंचाई अशा रीतीने स्वतःलाच प्रमाणित करून घेते. यावर उपाय आहे, पण तो यंत्रात नाही. किती दिवस साठा शून्य होता हे वेगळे नोंदवायचे आणि मागणी त्या हिशेबाने वाढवून धरायची. असे करण्यासाठी साठा शून्य होता हे कबूल करावे लागते, आणि सरकारी कागदावर टंचाई कबूल करण्याइतके कठीण काम दुसरे नाही. विधिमंडळात प्रश्न आला की उत्तर एकच असते, ‘हे खरे नाही’.

चेन्नईची भलावण करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या जलद चाचणी-संचांच्या खरेदीत तमिळनाडूने प्रतिसंच ६०० रुपये दर मान्य केला होता; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही तोच दर दिला होता. वितरकांचे आपापसांतील भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा आयातीची किंमत २४५ रुपये असल्याचे उघड झाले, आणि न्यायालयाने ४०० रुपयांची मर्यादा घातली. पुढे हे संच दर्जाच्या कारणावरून परत करण्याची वेळ आली. ज्या वस्तूचा पूर्वेतिहास नाही, तिच्यापुढे एवढी जुनी स्मृतीही लुळी पडते, हे त्या प्रसंगाने दाखवले. संकटकाळात दर विचारायला वेळ नसतो हा बचाव पूर्णतः फेटाळता येत नाही. पण परिषद आणि राज्य यांनी एकमेकांकडे पाहून एकच चढा दर मान्य केला, यात माहितीची देवाणघेवाण होती की केवळ अनुकरण, हा प्रश्न उरतोच.

दुसरी घटना अधिक भीषण. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. ते सिरप कांचीपुरम जिल्ह्यातील, म्हणजे चेन्नईपासून हाकेच्या अंतरावरच्या कारखान्यात तयार झाले होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. जे. जे. रुग्णालयातले तेच विष, ३९ वर्षांनंतर. हे सिरप खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधदुकानांतून गेलेले होते. सरकारी रुग्णालयात येणारी प्रत्येक बॅच तपासणाऱ्या राज्यातच खासगी बाजारासाठी माल बनवणारा कारखाना वर्षानुवर्षे पुरेशा तपासणीविना चालू राहू शकला. खरेदीदार म्हणून जागरूक असलेले राज्य नियामक म्हणून झोपलेले असू शकते. एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत आपोआप जात नाही.

हा मुद्दा अखेर दिल्लीच्या दारात येतो. एका राज्याच्या काळ्या यादीतील पुरवठादार शेजारच्या राज्याच्या निविदेत स्वच्छ प्रतिज्ञापत्र घेऊन उभा राहू शकतो. केंद्रीय औषध-नियंत्रक दरमहा अप्रमाणित बॅचची यादी प्रसिद्ध करतात. पण ती पाहणे आणि निविदेशी ताडून बघणे राज्यांच्या इच्छेवर आहे. सरकारी ई-बाजारपेठ २०१६ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ जुने पुरवठा महासंचालनालय बंद झाले. खुर्च्या-टेबलांपासून संगणकांपर्यंतच्या खरेदीत तिने दरांची तुलना सोपी केली, यात वाद नाही. मात्र गोळीत औषध आहे की भुकटी, हे कोणतीही बाजारपेठ पडद्यावरून सांगू शकत नाही. सार्वत्रिक आरोग्यसेवेवरील डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्येच तमिळनाडूच्या धर्तीवरील खरेदीची शिफारस केली आणि औषधांवरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यापर्यंत नेण्यास सांगितले. २०१२ च्या मे महिन्यात सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडले गेले. पुरवठादाराला अपात्र ठरवण्याची रीत आणि तक्रार-निवारणाची यंत्रणा त्याने कायद्याच्या चौकटीत आणली असती. २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले. त्यानंतर अशा स्वरूपाचा केंद्रीय कायदा संसदेने केलेला नाही. केंद्राची खरेदी २०१७ च्या सुधारित सामान्य वित्तीय नियमांवर चालते, आणि महाराष्ट्राची मुख्यतः १ डिसेंबर २०१६ च्या शासन-निर्णयावर.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांची संख्या आणि वजन पाहता, या विषयात महाराष्ट्राला मार्गदर्शनाची वाण नाही. प्राधिकरणाकडून काय अपेक्षावे, हे फार गुंतागुंतीचेही नाही. त्याला दुसऱ्या कार्यभाराविना बसणारा अधिकारी आहे का. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांचा औषधनिधी एकाच खात्यात येतो का, की प्रत्येक मागणीसाठी फाइल पुन्हा मंत्रालयाच्या मजल्यांवर चढते. नापास बॅचचा क्रमांक आणि पुरवठादाराचे नाव महिन्याच्या महिन्याला संकेतस्थळावर येते का. आणि अंबाजोगाईच्या भांडारपालाला त्याच्या रुग्णालयाच्या नावे आज किती रुपये शिल्लक आहेत, हे कुणालाही दूरध्वनी न करता सांगता येते का. एग्मोरच्या गोदामात वही घेऊन उभ्या राहणाऱ्या औषधनिर्मात्याला ते १९९५ पासून सांगता येत आहे.